शनिवार कुणाचा?

२२ सप्टेंबर १९५५. गुरुवारची संध्याकाळ. बीबीसी रेडिओवरच्या ‘द आर्चर्स’ या शेतकरी कुटुंबाच्या मालिकेतली ग्रेस आर्चर तबेल्याच्या आगीत घोड्याला सोडवायला आत शिरली आणि मेली. ग्रेस नवपरिणीत होती, श्रोत्यांची लाडकी होती. ऐकणाऱ्यांनी घरोघर डोळे पुसले. त्याच संध्याकाळी लंडनमध्ये जाहिरातींवर चालणारी ब्रिटनमधली पहिली दूरचित्रवाणी, आयटीव्ही, सुरू होत होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत नव्या वाहिनीच्या शेजारी ग्रेसचा मृत्यूही ठळकपणे झळकला. बीबीसीने पुढच्या पन्नास वर्षांच्या लढाईतला पहिला डाव असा एका काल्पनिक सुनेचा बळी देऊन टाकला.

ही लढाई आठवडाभर चालायची, पण तिचं खरं मैदान शनिवार-रविवारच्या संध्याकाळी. त्यामागे ब्रिटिश व्यवस्थेतली एक गंमत आहे. आयटीव्ही ही एक कंपनी नव्हती. देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग वेगळ्या कंपनीला दिला होता. मोठ्या विभागांत तर दिवसांचीही वाटणी होती. लंडनमध्ये सोमवार ते शुक्रवार एक कंपनी, शनिवार-रविवार दुसरी. दुसरीचं नाव एटीव्ही. लंडनमध्ये हिच्या वाट्याला आठवड्याचे दोनच दिवस आले होते. त्या दोन संध्याकाळी प्रेक्षक आले नाहीत तर जाहिरातदार जाणार, आणि मग लंडनचं दुकान बंद. त्यामुळे शनिवार-रविवार हा तिच्यासाठी जिवाचा प्रश्न होता.

बीबीसीला जाहिराती नव्हत्या, मग तिने का धावावं? कारण ती परवाना शुल्कावर जगत होती, आणि ते शुल्क टीव्ही असलेल्या प्रत्येक घराला भरावं लागे, बीबीसी बघा अगर बघू नका. १९५७ च्या अखेरीस ज्या घरांत दोन्ही वाहिन्या दिसत, तिथले सत्तर टक्क्यांहून जास्त प्रेक्षक आयटीव्हीकडे गेले होते. चारातली तीन माणसं दुसऱ्याचा कार्यक्रम बघत असतील तर पैसे मात्र आम्हालाच द्या, हे संसदेला किती दिवस पटणार? म्हणून एकाची भीती जाहिरातदाराची, तर दुसऱ्याची सरकारची. दोघांनाही हवा होता तो मात्र एकच आकडा.

एटीव्हीचं हुकमी पान होतं ‘संडे नाइट अॅट द लंडन पॅलेडियम’. आयटीव्ही सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी, पहिल्या रविवारी, हा कार्यक्रम सुरू झाला. ऑक्सफर्ड सर्कसजवळच्या पॅलेडियम नाट्यगृहातून थेट प्रक्षेपण व्हायचं. आधी ओळीने पाय उडवणाऱ्या टिलर गर्ल्सचा नाच, मग विनोदवीर, मध्येच प्रेक्षकांतल्या नवराबायकोंना रंगमंचावर बोलावून भल्यामोठ्या घड्याळाच्या काट्याशी शर्यत लावणारा ‘बीट द क्लॉक’ हा खेळ, आणि शेवटी त्या रात्रीचा मोठा गायक. समाप्तीला सगळे कलाकार फिरत्या रंगमंचावर उभे राहून हात हलवत गोल गोल जात, तेव्हा रविवार संपला असं लोक समजत. १९५८ पासून त्याचं सूत्रसंचालन ब्रूस फोर्साइथ नावाच्या तिशीतल्या, हनुवटी पुढे आलेल्या चपळ माणसाकडे आलं. हे नाव लक्षात ठेवावं, कारण या सगळ्या कथेत तो कधी या छावणीत तर कधी त्या छावणीत भेटत राहतो. १३ ऑक्टोबर १९६३ ला इथेच बीटल्स गायले. सुमारे दीड कोटी लोकांनी ते पाहिलं, आणि त्या आठवड्यापासून वर्तमानपत्रांना ‘बीटलमेनिया’ हा मथळा सापडला.

त्या काळच्या घरातला टीव्ही डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढची चढाओढ समजणार नाही. हातात रिमोट नाही. वाहिनी बदलायची तर खुर्चीतून उठून बटण फिरवायला हवं. चहाच्या वेळी जी वाहिनी लागली ती झोपेपर्यंत तशीच राहण्याचा संभव फार. म्हणून संध्याकाळच्या पहिल्या कार्यक्रमाची किंमत त्याच्या गुणांपेक्षा जास्त असे. तो चालला की मागून येणाऱ्या तीन कार्यक्रमांना आयता प्रेक्षक मिळे.

त्यात सरकारचं सोवळं आडवं येत होतं. मुलांना झोपवता यावं म्हणून संध्याकाळी सहा ते सात पडदा कोरा ठेवायचा, असा नियम होता. आयटीव्हीच्या कंपन्यांना तो कमाईचा तास बुडालेला खुपत होता. अखेर १९५७ च्या फेब्रुवारीत नियम उठला. १६ फेब्रुवारीला, शनिवारी, सहा वाजून पाच मिनिटांनी बीबीसीने त्या मोकळ्या वेळेत ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ हा तरुणांच्या गाण्यांचा कार्यक्रम आणला. गंभीर म्हणवणाऱ्या संस्थेने शनिवारी संध्याकाळी रॉक अँड रोल लावलं, यावरून तिच्या तोंडचं पाणी किती पळालं होतं ते कळतं. रविवारी संध्याकाळचा तासाभराचा वेळ मात्र आणखी बरीच वर्षं धर्मासाठी राखीव राहिला. पुढे आयटीव्हीच्या यॉर्कशर कंपनीने ‘स्टार्स ऑन संडे’ नावाने त्यातही नामवंत गायकांची हजेरी लावली आणि प्रार्थनेच्या वेळेलाही गर्दी खेचली.

तेवीस नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी सव्वापाचला बीबीसीने ‘डॉक्टर हू’ सुरू केलं. दुपारचे खेळ पाहणारे वडील आणि नंतरच्या गाण्यांची वाट पाहणारी मोठी मुलं यांच्यामधली पोकळी भरून काढायला हे विज्ञानकथेचं भूत हवं होतं. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे पहिला भाग जेमतेम ४४ लाखांनी पाहिला आणि पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला. महिन्याभरात डॅलेक नावाचे लोखंडी डब्यातले खलनायक आले आणि मालिकेचं बस्तान बसलं.

हे आकडे काढत कोण होतं? दोघं, आणि दोघांच्या रीती वेगळ्या.

बीबीसीची माणसं रोज हजारो लोकांना गाठून विचारत, काल काय काय पाहिलंत? रॉबर्ट सिल्व्हीने १९३६ मध्ये रेडिओच्या काळात उभारलेल्या श्रोता-संशोधन खात्याची ही पद्धत. आयटीव्हीने मात्र निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर जोडले. संच कधी चालू झाला, कोणत्या वाहिनीवर होता, हे यंत्र टिपून ठेवी. कोण कोण बसून पाहत होतं ते घरच्यांनी वहीत लिहायचं. एक पद्धत माणसाच्या आठवणीवर विसंबलेली, दुसरी यंत्रावर. बीबीसीच्या गणनेत बीबीसी बरी दिसायची, आयटीव्हीच्या गणनेत आयटीव्ही. एकाच शनिवारी दोघंही जिंकल्याचं जाहीर करायचे आणि दोघंही आपापल्या वहीप्रमाणे खरं बोलत असायचे! मला यात लबाडीपेक्षा माणसाचा स्वभाव दिसतो. काल काय पाहिलं असं कुणी विचारलं तर आपण आवडलेलं आधी सांगतो आणि चालू ठेवून पेंगलो ते विसरतो.

साठीच्या दशकाच्या शेवटी बीबीसी सावरली होती. ‘द फोरसाइट सागा’ ही २६ भागांची मालिका आधी नव्या बीबीसी-२ वर आली, पण त्यासाठी वेगळा संच लागत असल्याने थोड्याच घरांत पोचली. १९६८ च्या सप्टेंबरपासून ती बीबीसी-१ वर रविवारी रात्री पुन्हा लागली आणि शेवटचा भाग सुमारे १ कोटी ८० लाखांनी पाहिला. तिच्यासाठी चर्चमधल्या सायंप्रार्थनेच्या वेळा अलीकडे आणल्या गेल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या.

त्याच वर्षी समोरच्या बाजूला नवा गडी आला. लंडनच्या शनिवार-रविवारचा परवाना एटीव्हीकडून काढून टीव्ही सूत्रसंचालक डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या मंडळींनी उभ्या केलेल्या लंडन वीकेंड टेलिव्हिजनला, म्हणजे एलडब्ल्यूटीला देण्यात आला. या कंपनीने दर्जाची मोठमोठी आश्वासनं दिली होती. २ ऑगस्ट १९६८ ला, शुक्रवारी संध्याकाळी, प्रक्षेपण सुरू होऊन मिनिटही झालं नसेल तोच तंत्रज्ञांनी काम थांबवलं आणि पडदा कोरा झाला. पुढे पडदा लागला तरी प्रेक्षक लागेनात. सुटीच्या संध्याकाळी अभिजात करमणूक देण्याचा बेत थंडपणे नाकारला गेला. पुढच्याच वर्षी व्यवस्थापकीय संचालकाची गच्छंती झाली, त्याच्या पाठोपाठ बडे अधिकारी राजीनामे देऊन गेले, रूपर्ट मर्डॉकचा पैसा आत आला. घडी बसवायला १९७१ मध्ये अध्यक्ष म्हणून जॉन फ्रीमन यांना आणावं लागलं. हे फ्रीमन काही वर्षांपूर्वी दिल्लीत ब्रिटनचे उच्चायुक्त होते. भारत-पाक युद्धाचा काळ दिल्लीत काढलेल्या माणसाला लंडनमधला शनिवार फार जड गेला नसावा.

१९७१ च्या २ ऑक्टोबरला बीबीसीने शनिवारी संध्याकाळी ‘द जनरेशन गेम’ आणला. कल्पना एका डच कार्यक्रमाची. सूत्रसंचालक, पॅलेडियम गाजवलेला ब्रूस फोर्साइथ. आई-मुलगा, बाप-लेक, मावशी-भाचा अशा दोन पिढ्यांच्या जोड्या यायच्या. कुंभार येऊन चाकावर सफाईने भांडं घडवून दाखवी, नि लगेच जोडीने तसंच करायचं. चिखल अंगावर उडे, भांडं वाकडं होई, आणि फोर्साइथ कॅमेऱ्याकडे असा पाही की घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच वेळी हसत. शेवटी जिंकणाऱ्यासमोरून सरकत्या पट्ट्यावर वस्तू जात, घड्याळ, इस्त्री, सूटकेस, आणि न चुकता एक मऊ खेळणं. पट्टा थांबला की ४५ सेकंदांत जेवढ्या वस्तू आठवतील तेवढ्या त्याच्या. घरबसल्या लोकही मोठ्याने नावं ओरडत. मागेपुढे ‘डॉक्टर हू’, ‘द टू रॉनीज’, ‘मॅच ऑफ द डे’, ‘पार्किन्सन’. उठून बटण फिरवायची वेळच येत नसे. सत्तरीच्या मध्यावर शनिवार बीबीसीचा होता, याबद्दल आयटीव्हीच्या मीटरलाही फारशी शंका नव्हती.

या वैभवाचा कळस १९७७ च्या नाताळात झाला. त्या वर्षी २५ डिसेंबर रविवारी आला होता. बीबीसी-१ वर आधी नकलाकार माइक यारवुडचा कार्यक्रम आणि त्याला लागूनच मोरकम आणि वाइज या जोडीचा. एरवी गंभीर चेहऱ्याने बातम्या सांगणारे आणि मुलाखती घेणारे लोक खलाशांच्या वेषात नाचताना, कोलांट्या मारताना दिसले. त्या रात्री मोरकम-वाइजना २ कोटी ८० लाख प्रेक्षक मिळाले असं बीबीसीने सांगितलं. देशाची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या आसपास, म्हणजे दर दोन माणसांत एक. मीटरवाल्यांच्या हिशेबात मात्र आकडा निघाला २ कोटी १३ लाख. इतकंच नव्हे, त्यांच्या हिशेबात यारवुडला २ कोटी १४ लाख मिळाले होते. ज्या कार्यक्रमाची दंतकथा झाली तो त्याच रात्री, त्याच वाहिनीवर, केसभराने दुसरा आला होता! जवळजवळ सत्तर लाख माणसांचा फरक मोजणीच्या रीतीतून पडतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंना सोयीची होती तोवर चालली. त्याच वर्षी प्रसारणाचा विचार करायला सरकारने नेमलेल्या अॅनन समितीने दोन्हींची मिळून एकच मोजणी असावी अशी शिफारस केली होती.

पुढच्या वर्षभरात आयटीव्हीने बीबीसीचं घर धुऊन नेलं. १९७८ च्या जानेवारीत मोरकम-वाइज आयटीव्हीच्या थेम्स कंपनीकडे गेले. पैसा होताच, शिवाय थेम्सकडे चित्रपट काढणारी शाखा होती आणि दोघांना सिनेमात जायचं होतं. एलडब्ल्यूटीचा कार्यक्रम-प्रमुख आता मायकेल ग्रेड होता, एटीव्हीच्या ल्यू ग्रेडचा पुतण्या. त्याने थेट फोर्साइथलाच उचललं. ७ ऑक्टोबर १९७८ ला ‘ब्रूस फोर्साइथ्स बिग नाइट’ सुरू झाला. शनिवारची सलग दोन तासांची मेजवानी. त्यात पॅलेडियमवरचा ‘बीट द क्लॉक’ होता, जुन्या विनोदी मालिकांची नवी आवृत्ती होती, पाहुणे होते. बीबीसीकडे राहिला तो नुसता ‘जनरेशन गेम’चा सांगाडा. तो तिने लॅरी ग्रेसन या विनोदवीराच्या हाती दिला.

ग्रेसन सगळ्याच बाबतीत फोर्साइथच्या उलट. तो स्पर्धकांची नावं विसरे, नियमांत गोंधळे, दुखऱ्या पाठीच्या तक्रारी करी आणि सगळी जबाबदारी इस्ला सेंट क्लेअर या सोबतिणीवर टाकून मोकळा होई. लोक त्या गबाळेपणावरच खूश झाले. त्याचा आकडा १ कोटी ८० लाखांपर्यंत गेला. ‘बिग नाइट’ची वेळ बदलून पाहिली, तुकडे हलवून पाहिले, वर्तमानपत्रांनी तर सोलूनच काढलं. एका हंगामात तो गुंडाळावा लागला. माझ्या मते इथे ग्रेडचा हिशेब एका जागी चुकला. लोक फोर्साइथकरता पाहतात असं त्याने धरलं. लोक पाहत होते मातीने बरबटलेली मावशी आणि तिचा भाचा.

ग्रेडने १९७८ च्याच नोव्हेंबरात आणखी एक घाव घातला. फुटबॉल लीगचे सगळे हक्क एकट्या आयटीव्हीसाठी घेऊन ‘मॅच ऑफ द डे’ मारायचा घाट घातला. प्रकरण व्यापारातली मक्तेदारी पाहणाऱ्या सरकारी कार्यालयापर्यंत गेलं आणि शेवटी तडजोड झाली, शनिवारच्या फुटबॉलचा हंगाम आलटून पालटून दोघांना.

मग १९७९ मध्ये नियतीनेच बीबीसीला दान दिलं. पगाराच्या वादातून १० ऑगस्टपासून जवळजवळ सगळी आयटीव्ही बंद पडली ती २४ ऑक्टोबरपर्यंत. अडीच महिने त्या बटणावर एक खेदाची पाटी. या काळात बीबीसीने काय लावलं याला अर्थ नव्हता, आकडे फुगणारच होते. २० ऑक्टोबरच्या शनिवारी ‘डॉक्टर हू’चा भाग १ कोटी ६१ लाखांनी पाहिला. एवढे प्रेक्षक त्या मालिकेला आधी कधी मिळाले नव्हते, नंतरही नाही. ‘टू द मॅनर बॉर्न’ ही रविवारची नवी विनोदी मालिका ३० सप्टेंबरला ओस मैदानात उतरली. संप मिटल्यावर, नोव्हेंबरात, तिच्या पहिल्या हंगामाचा शेवटचा भाग जवळपास २ कोटी ४० लाखांनी पाहिला. म्हणजे सगळं श्रेय संपाला देता येत नाही. एकदा लागलेली सवय सुटली नाही, हे खरं.

आयटीव्हीला परत यायला फार वेळ लागला नाही. १९८० च्या हंगामात तिने ‘डॉक्टर हू’समोर ‘बक रॉजर्स’ ही चकचकीत अमेरिकन मालिका उभी केली. वर्षापूर्वी दीड कोटींच्या पुढे गेलेली मालिका एका आठवड्यात ४० लाखांच्याही खाली आली. १९८२ च्या जानेवारीत बीबीसीने अठरा वर्षांचं शनिवारचं स्थान सोडून तिला सोमवार-मंगळवारी हलवलं.

१९८१ च्या ऑगस्टपासून दोन वह्या बंद झाल्या. बीबीसी आणि आयटीव्ही यांनी मिळून बार्ब हे मंडळ स्थापन केलं आणि दोघांनी एकच आकडा मान्य करायचं ठरवलं. दोन महिन्यांच्या आत, २६ सप्टेंबरला, एलडब्ल्यूटीने ‘गेम फॉर अ लाफ’ आणला. साध्यासुध्या लोकांची गंमत करायची, त्यांनाच स्टुडिओत बोलावून हसवायचं. त्यामागचा माणूस अॅलन बॉइड हा आधी बीबीसीत ‘जनरेशन गेम’चा निर्माता होता. दुसऱ्याचा गायक पळवण्यापेक्षा दुसऱ्याचा स्वयंपाकी पळवावा, हे एलडब्ल्यूटीला या खेपेला उमगलं होतं. नव्या मोजणीत ग्रेसन मागे पडला, आणि या वेळी बीबीसीला ‘आमच्या वहीत तसं नाही’ असं म्हणता येईना. १९८२ मध्ये ‘जनरेशन गेम’ बंद झाला.

पुढची वीस वर्षं झोका इकडून तिकडे जात राहिला. एलडब्ल्यूटीचा ‘ब्लाइंड डेट’, बीबीसीची ‘नोएल्स हाउस पार्टी’, आयटीव्हीचे ‘ग्लॅडिएटर्स’, बीबीसीवर १९ नोव्हेंबर १९९४ पासून शनिवारी राष्ट्रीय लॉटरीची सोडत. ग्रेड स्वतः १९८४ मध्ये बीबीसी-१ चा प्रमुख झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत ‘डॉक्टर हू’ला दीड वर्षं विश्रांती देण्यात आली. पुढे तो बीबीसीचा अध्यक्ष झाला आणि तिथून उठून आयटीव्हीचा. शनिवार-रविवारसाठीच जन्मलेल्या एलडब्ल्यूटीचं नाव मात्र २००२ च्या ऑक्टोबरात पडद्यावरून गेलं. इंग्लंडमधल्या प्रादेशिक वाहिन्या एकाच नावाखाली आल्या.

या झटापटीचा शेवटचा टप्पा आपल्याही घरात शिरला. आयटीव्हीच्या २००१ च्या शनिवारच्या ‘पॉप आयडॉल’वरून २००४ मध्ये सोनीचा ‘इंडियन आयडॉल’ आला, बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’वरून २००६ मध्ये ‘झलक दिखला जा’. मोजणीची रीतही तशीच आली. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांच्या ‘बार्क’ या सामाईक भारतीय संस्थेचे आकडे २०१५ पासून मिळू लागले. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी मीटर बसवलेल्या घरांना पैसे देऊन वाहिन्या चालू ठेवायला लावल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल केला, तेव्हा बार्कने वृत्तवाहिन्यांची आकडेवारी काही काळ थांबवली. वही एक झाली म्हणून वहीवरची शंका संपत नाही.

‘स्ट्रिक्टली’ बीबीसीवर १५ मे २००४ ला सुरू झाला. सूत्रसंचालक कोण? ७६ वर्षांचा ब्रूस फोर्साइथ. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयटीव्हीने ‘द एक्स फॅक्टर’ हा गायनस्पर्धेचा कार्यक्रम आणला. २६ मार्च २००५ ला ‘डॉक्टर हू’ शनिवारी परत आलं, तेव्हा १ कोटी ८ लाख लोकांनी पाहिलं. पाच वर्षांनी, १२ डिसेंबर २०१० च्या रविवारी, ‘एक्स फॅक्टर’च्या अंतिम फेरीला सरासरी १ कोटी ७२ लाख प्रेक्षक होते आणि आयटीव्हीला वाटलं की शनिवार-रविवार आता कायमचा आपला. साडेदहा वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, तो कार्यक्रम परत येणार नाही हे जाहीर झालं. त्या वर्षीच्या शरद ऋतूत शनिवारी संध्याकाळी बीबीसीवर ‘स्ट्रिक्टली’चा एकोणिसावा हंगाम सुरू झाला.